फतेहाबादची पाटी राहू द्या

गणपतीत आमच्या रामबागेतल्या घरी आरती झाली की माणसं लगेच उठत नाहीत. यंदा खिरापतीबरोबर वाद निघाला तो फतेहाबादचा. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, औरंगजेबानं लढाई जिंकली म्हणून ठेवलेलं नाव तुम्ही इंदूरकर अजून स्टेशनवर वागवता कसं?" शेजारचे नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अरे, नावाचं काय घेऊन बसलास? गाडी वेळेवर आली म्हणजे झालं." लगेच दोन तट पडले आणि रात्री साडेदहापर्यंत तेच ते चाललं. एकजण 'बदला' म्हणे, दुसरा 'काय फरक पडतो' म्हणे. त्या मैदानावर नेमकं काय घडलं, कोण कोणाविरुद्ध लढलं, हे दोन्हीकडच्या एकानंही विचारलं नाही. मला ते फार लागलं, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फतेहाबादचं नाव बदलू नये. ते गौरवाचं नाव आहे असं मी म्हणत नाही, आणि नावानं काही बिघडत नाही असं तर मुळीच म्हणत नाही. ते नाव रणभूमीवर राहिलेला पुरावा आहे, आणि पुरावा गैरसोयीचा निघाला म्हणून कुणी फेकून देत नाही. मात्र नुसतं नाव राखून जबाबदारी संपत नाही. त्या नावाशेजारी 'धरमत' हे लढाईच्या गावाचं नाव, लढाईची तारीख आणि तिथे पडलेल्या माणसांची नावं आली पाहिजेत. पाटी बदलण्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण त्यासाठी वाचावं लागतं.

ज्यांनी हे स्टेशन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंदूरहून चाळीसेक किलोमीटरवर, गव्हा-सोयाबीनच्या शेतांमध्ये फतेहाबाद चंद्रावतीगंज जंक्शन आहे. इथून एक वाट रतलामला जाते, दुसरी उज्जैनला. खंडवा-इंदूर मार्गासाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. पुढे इंदूरहून नीमचकडे जाणाऱ्या मार्गासाठी शिंद्यांनी पाऊण कोटी दिले. उज्जैन शिंद्यांचं, त्यामुळे मुख्य मार्गापासून उज्जैनपर्यंत फाटा काढला गेला आणि १८७६ मध्ये फतेहाबाद जंक्शन झालं. दोन मराठी संस्थानांच्या पैशांतून झालेल्या मार्गांवरचं हे एवढंसं ठिकाण. माझ्या लहानपणी 'छोटी लाईन' होती. गाडी फतेहाबादला थांबली की वडील खाली उतरत आणि पानाच्या द्रोणात गुलाबजाम घेऊन येत. पाक बोटांवरून कोपरापर्यंत ओघळायचा, आई पदरानं पुसायची, आणि मी खिडकीतून पिवळ्या पाटीवरचं लांबलचक नाव अक्षर लावून वाचायचो. वाचता येऊ लागल्यावर पुरतं वाचलेलं माझं पहिलं मोठं नाव तेच असावं. पुढे मीटरगेज बंद झाली, उज्जैनचा फाटा काही वर्षं ओस पडला आणि मग मोठी लाईन आली. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. त्याच कार्यक्रमात हबीबगंज स्टेशन 'राणी कमलापती' या नावानं देशापुढे आलं. एका स्टेशनाचं नाव बदललं आणि दुसऱ्याचं आहे तसंच घोषणेत वाचलं गेलं, हे मी टीव्हीवर पाहत होतो. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे.

आता लढाईकडे येतो. सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि चार मुलांनी तख्तासाठी हत्यारं उचलली. दिल्ली-आग्र्याचा कारभार दाराच्या हाती होता. दक्षिणेतून येणाऱ्या औरंगजेबाला आणि गुजरातेतून येणाऱ्या मुरादला अडवण्यासाठी मारवाडचे महाराजा जसवंतसिंह आणि कासिमखान यांना उज्जैनला धाडण्यात आलं. औरंगजेब बुऱ्हाणपूरहून निघून नर्मदा उतरला. देपालपूरच्या परिसरात दोघे भाऊ एक झाले, आणि १५ एप्रिल १६५८ रोजी गंभीर नदीच्या काठी धरमत गावाजवळ दोन्ही फौजा भिडल्या. जसवंतसिंहानं निवडलेली जागा अडचणीची होती. खाचखळगे, दलदल, आजूबाजूला चर; घोडदळाला पसरायला वाव नाही. अशा जागी राजपुतांनी औरंगजेबाच्या तोफखान्यावर सरळ चाल केली. त्या तोफखान्याचा प्रमुख मुर्शिदकुलीखान तिथेच मारला गेला. दक्षिणेत जमिनी मोजून महसुलाची घडी बसवणारा, मराठी मुलखात ज्याचा धारा पुढे कित्येक पिढ्या बोलला गेला, तो हाच मुर्शिदकुलीखान. तोफा ओलांडून राजपूत आत घुसले खरे, पण मागून मदत आली नाही. कासिमखानाची फौज जवळपास बघत उभी राहिली. कोट्याचा मुकुंदसिंह हाडा पडला, अर्जुन गौड पडला, दयालदास झाला पडला, रतलाम संस्थानाचा संस्थापक रतनसिंह राठोड पडला. जखमी जसवंतसिंहाला त्याच्याच माणसांनी बळेबळे बाहेर काढून जोधपूरच्या वाटेला लावलं. औरंगजेबानं त्या जागेला फतेहाबाद नाव दिलं. दीडेक महिन्यात सामूगढला दाराही हरला आणि जूनमध्ये शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदी झाला. अशी ही जागा आहे. आग्र्याचं तख्त कुणाचं, याचा अर्धा निकाल आपल्या देपालपूर-सांवेरच्या मातीत लागला होता.

नाव बदला म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही, हे मी मान्य करतो. त्यांचा पहिला मुद्दा असा की हे नाव साधं नाव नाही, ती जिंकणाऱ्याची आरोळी आहे. ज्यांची माणसं तिथे पडली त्यांच्या वंशजांना ती आरोळी रोज वाचावी लागते. शिवाय ज्यानं हे नाव दिलं त्यानंच १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. मराठी माणसाला त्याच्या विजयाचं नाव उच्चारताना काही वाटत नसेल तर त्याच्याच काळजात काही कमी आहे, असं पुतण्या म्हणाला. मला तो राग समजतो, आणि मी तो हलका करणार नाही. दुसरा मुद्दा: नावं तर सगळीच कधी ना कधी बदललेली असतात. आमच्या इंदुरात १९०४ साली बांधलेला किंग एडवर्ड हॉल १९४८ मध्ये गांधी हॉल झाला. कुणाचं काय बिघडलं? आणि तिसरा मुद्दा, सगळ्यांत वजनदार: 'धरमत' हे नाव कुणी नव्यानं गढलेलं नाही. ते आधीचं आहे. मग मूळ नाव परत दिलं तर इतिहास पुसला कसा जातो?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. एडवर्ड हॉलचं नाव बदललं ते योग्यच झालं, कारण एडवर्ड राजाचा आमच्या त्या इमारतीशी काही संबंध नव्हता. घंटाघर, लाल दगड, खाली भरणारी प्रदर्शनं, यांतलं काहीही त्याची साक्ष देत नव्हतं. नाव काढलं आणि काहीच हरवलं नाही. महूचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं तेही मला रास्त वाटतं, कारण १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब खरोखर तिथे जन्मले. त्या मातीत घडलेली गोष्ट त्या मातीच्या नावात आली. माझी कसोटी एवढीच आहे: नावाला त्या जागेवर घडलेल्या गोष्टीचा आधार आहे का? एडवर्ड हॉलला तो नव्हता, महूच्या नव्या नावाला आहे. फतेहाबादला तर असा आधार आहे की दुसरीकडे शोधून सापडणार नाही, कारण लढाई संपल्यावर जिंकणाऱ्यानं, त्याच जागी, त्याच लढाईवरून ते नाव दिलं. ते अप्रिय आहे, पण खोटं नाही. संभाजीनगरचा विषय मी यात ओढत नाही. लाखो माणसं राहतात त्या शहरानं स्वतःला काय म्हणवून घ्यावं हा जिवंत माणसांचा प्रश्न आहे, आणि त्यामागची जखम मी जाणतो. रणांगणाचं नाव हा मेलेल्यांच्या साक्षीचा प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये उज्जैन जिल्ह्यातल्या मौलाना गावाचं विक्रमनगर करण्याची घोषणा झाली, तेव्हा बाजूनं आणि विरुद्ध बोलणारे दोघेही जणू प्रत्येक नाव एकाच जातीचं असतं असं बोलत होते. तसं नसतं. घराचं नाव, देवळाचं नाव, साहेबाच्या खुशामतीसाठी ठेवलेलं नाव आणि युद्धभूमीचं नाव यांना एकच तराजू चालत नाही.

आता आरोळीचा मुद्दा. कुणाच्या विरुद्ध होती ती आरोळी? आमच्या बैठकीत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की एका बाजूला हिंदू आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान. जसवंतसिंह लढत होता तो शहाजहानचा मनसबदार म्हणून, आणि त्याच्या शेजारी सेनापती होता कासिमखान. औरंगजेबाकडे दतियाचा शुभकरण बुंदेला होता. एक हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांची मोजदाद इतिहासकार अतहर अली यांनी केली आहे. तख्ताच्या या झगड्यात दाराच्या बाजूला चोवीस हिंदू सरदार होते आणि औरंगजेबाच्या बाजूला एकवीस. त्या एकविसांत मराठेही होते. हे वाचून मला स्वतःला धक्का बसला होता. आणि पुढचं ऐका. धरमतला हरलेला हाच जसवंतसिंह पाच वर्षांनी औरंगजेबाच्या चाकरीत पुण्याजवळ तळ देऊन होता. लाल महालात शाइस्ताखानाची बोटं तुटली तेव्हा तो तिथून फार लांब नव्हता. नंतर त्यानं कोंढाण्याला वेढा घातला आणि शेवटी हात हलवत परतला. म्हणजे ज्याचा पराभव पुसून काढायला पुतण्या निघाला आहे, तो आमच्या सिंहगडावर चालून आलेला माणूस आहे! मग 'आपण' म्हणजे नेमके कोण? आणि एवढ्यावर थांबलो तर तेही अर्धं सांगणं होईल. दाराला पाखंडी ठरवूनच औरंगजेबानं स्वतःची बाजू उजळवली होती. पुढे १६७९ मध्ये त्यानं जिझिया परत लावला, आणि जसवंतसिंह जमरूदला मरण पावताच त्याचं मारवाड गिळायला निघाला. त्यामुळे 'हा सगळा निव्वळ राजकारणाचा खेळ होता, धर्माचा वासही नव्हता' असं सांगणारेही मला पटत नाहीत. हा एवढा गुंता आहे. तो 'आपला-परका' या दोन डब्यांत भरला की त्यातली माणसंच गळून पडतात.

आणि आमच्याच पूर्वजांचं काय? १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला. तीन महिन्यांनी शिंद्यांच्या वतीनं सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आला आणि शहर लुटलं. दोन्हीकडे मराठी माणसं, मोडी लिहिणारी, एकाच खंडोबाला भंडारा उधळणारी. तख्तासाठी भाऊ भावावर चालून गेले म्हणून मुघलांकडे बोट दाखवण्याआधी आपण या दोन लढाया आठवाव्यात. त्या लढायांच्या नावानं इथे एकही गाव नाही, आणि इंदुरातल्या शंभर मराठी घरांत विचारलंत तर नव्व्याण्णवांना ती लूट माहीत नसेल. धरमतला निदान एक नाव उरलं आहे, ज्याच्यापाशी थांबून कुणी विचारू शकतो, 'फते कसली?'

'फते' हा शब्दही परका म्हणून टाकता येईल असं वाटत नाही. मोहीम फत्ते झाली असं आपण परीक्षेपासून बाजारहाटापर्यंत म्हणतो. अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले, बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड, ही आपल्याच राजघराण्यांतली नावं आहेत. शब्द कुठून आला यापेक्षा कुणी आपलासा केला याला भाषेत महत्त्व असतं. औरंगजेबानं महाराष्ट्रातही अशी नावं पेरली होती. साताऱ्याला आझमतारा, सिंहगडाला बक्षिंदाबक्ष, तोरण्याला फुतुहुल्गैब. कुठे गेली ती? कुणी ती बदलण्याचे फर्मान काढत बसलं नाही. लोकांच्या तोंडी बसलीच नाहीत. मावळातल्या माणसानं तोरण्याला तोरणाच म्हटलं. माळव्यातल्या माणसानं फतेहाबाद उचललं, वापरलं, झिजवलं, आणि त्याच्या पुढे चंद्रावतीगंज जोडून घेतलं. गंज म्हणजे धान्याची पेठ. एका पाटीवर रणांगण आणि त्याच्या शेजारी गव्हाचा बाजार, हे मला त्या स्टेशनाचं सगळ्यांत सुंदर लक्षण वाटतं. देशात अशी पाटी किती ठिकाणी असेल?

इथेच माझ्या म्हणण्याला सगळ्यांत कठीण धक्का बसतो, आणि तो मला पुतण्यानंच दिला. तो म्हणाला, "काका, नाव इतकं झिजलंय तर ते साक्ष कसली देणार? गुलाबजाम खाणाऱ्याला औरंगजेब आठवतो का?" मी गप्प झालो, कारण तो बरोबर होता. मी स्वतः चाळीस वर्षं त्या पाटीखालून गेलो आणि लढाई मला कळली ती पन्नाशीत. बोलणारं कुणी शेजारी नसेल तर पुरावा मुका असतो. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? मुक्या साक्षीदाराला बोलतं करावं असा निघतो, त्याला हद्दपार करावं असा निघत नाही. स्टेशनला धरमत नाव दिलं तर उद्याचा प्रवासी तेही तसंच झिजवील. धरमत गाव जवळच आहे, इतिहासात लढाई त्याच नावानं ओळखली जाते. त्या नावाचं काही हरवलेलं नाही की ते परत मिळवून द्यावं. उलट पाटीवरून फतेहाबाद गेलं की लढाई झाली एवढंच उरेल, ती कोण जिंकलं आणि त्याला त्या विजयाचा किती गर्व होता हे जाईल. तिसऱ्या मुद्द्याला माझं उत्तर हे आहे.

नानांचं 'नावाचं काय घेऊन बसलास' मला पुतण्याच्या रागापेक्षाही जास्त खुपलं. नावानं काही फरक पडत नसेल तर बदलालाही हरकत नसावी, मग विरोध कशासाठी? खरं तर नानांनाही फरक पडतो. हबीबगंजच्या वेळी ते दोन दिवस नीट जेवले नव्हते, कारण त्यांची पहिली नेमणूक तिथली. ज्याला नावाशी आठवण बांधलेली असते त्यानं दुसऱ्याच्या आठवणीला क्षुल्लक म्हणू नये. गाड्या वेळेवर याव्यात हे कुणाला नको आहे? पण वेळापत्रक सुधारेपर्यंत इतिहासानं थांबावं, हा कुठला न्याय?

पराभवाची जागा कशी जपावी हे मराठी माणसाला शिकवायला नको. १४ जानेवारी १७६१ नंतर आपण पानिपत हे नाव टाकून दिलं नाही. ते आपण भाषेत घेतलं. 'त्याचं पानिपत झालं' असं पानिपत कधी न पाहिलेली आजीही म्हणते. अब्दालीच्या विजयाचा तो गौरव आहे असं आपल्याला कधी वाटलं का? आजही माणसं हरियाणात काळ्या आंब्याच्या स्मारकापाशी जाऊन उभी राहतात, माती कपाळाला लावतात. फतेहाबादच्या बाबतीत असं का होऊ नये? तिथे रतनसिंहाची छत्री आहे. नदी आहे. रेल्वे थेट रणांगणापर्यंत नेऊन सोडते, अशी सोय किती लढायांच्या वाट्याला येते?

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. इंदूरकडून जाणाऱ्या यात्रेकरूंतले कितीतरी याच फाट्यानं जातील. तोवर फलाटावर, पाटीच्या खांबाशेजारी, दगडात कोरलेला एक फलक उभा करावा. त्यावर १५ एप्रिल १६५८ ही तारीख असावी. धरमत असावं. मुकुंदसिंह, अर्जुन, दयालदास, रतनसिंह यांची नावं असावीत आणि मुर्शिदकुलीखानाचंही असावं. जसवंतसिंह वाचला आणि पुढे कोणाच्या चाकरीत गेला हेही एका ओळीत असावं. हिंदीत तर असावाच, मराठीतही असावा, कारण हा मार्ग कुणाच्या पैशांनी झाला ते आपल्याला ठाऊक आहे. विशेषणं नकोत. वीर, क्रूर, महान, यांतलं काही नको. कोण, कुठून आला, कोणाच्या बाजूनं लढला, एवढंच.

पुतण्या पुण्याला परतण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला उज्जैनच्या गाडीत बसवून फतेहाबादला नेलं. पाटीखाली उभा राहून त्यानं फोटो घेतला नाही. गावात विचारत विचारत आम्ही छत्रीपर्यंत गेलो. पाऊस नुकता उघडला होता, चिखलात पाय रुतत होते. त्यानं चपला काढल्या, छत्रीच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि बराच वेळ शेतांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, तोफा कुठल्या बाजूला असतील? मुर्शिदकुलीखान कुठे पडला असेल?"